लंकाबाईची तहान

घर झाडून झालं की लंकाबाई थोड्या वेळानं पुन्हा झाडू हातात घ्यायची. कचरा निघायचा नाही, तरी झाडू फिरायचा. मग निवडलेले तांदूळ ती परत सुपात घ्यायची, घडी केलेल्या साड्या मोडून नव्यानं घडी घालायची, जिना चढून गच्चीवर जायची. गच्चीवर काही काम नसायचं. खाली उतरून ती फाटकाशी उभी राहायची. रस्त्यावरनं माणसं कुठं ना कुठं चाललेली असत, आणि त्यांच्याकडं बघताना तिच्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळायचं.

"आई, बस ना जरा," अंगद म्हणायचा.

"बसते की," ती म्हणायची, आणि बसल्या बसल्या उशीचा अभ्रा उसवायला घ्यायची.

अंगद तिचा एकुलता मुलगा. शिर्डीतल्या एका लॉजवर तो वायरमन होता. राहात्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन तो आणि त्याची बायको राजेश्वरी राहत. दिवाळीला तो गावी गेला आणि येताना आईची पत्र्याची पेटी मोटारसायकलला बांधूनच परतला. गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर तीही नाही. दिवाळी उलटली की अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर पडायचं. लंकाबाई लग्न झालं त्या वर्षापासून नवऱ्याबरोबर फडात जात होती. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं 'कोयता' म्हणतात. नवरा, बन्सी, ऊस तोडायचा. ती पाचट सोलून मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायची. बन्सी काविळीनं गेला तेव्हा ती अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्यानंही तिनं चुलत जावेच्या बिऱ्हाडाबरोबर हंगाम काढले. अंगदच्या जिवाला ते लागून राहिलं होतं.

"आता पुरे," तो म्हणाला होता. "आता तू फक्त आराम करायचा."

आराम हा शब्द तिला आधी गोड लागला. आठवडा गेला आणि तो टोचायला लागला. पहाटे कोंबडं आरवायच्या आत तिचे डोळे उघडायचे. फडावर हीच उठायची वेळ. चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या, उजाडायच्या आत ऊस गाठायचा. इथं उठून करायचं काय? गॅसच्या शेगडीला तर फुंकरही मारावी लागत नव्हती. ती अंथरुणात पडून राहायची आणि काळीज धडधडायला लागायचं, कुणी हाका मारतंय आणि आपण अजून निघालो नाही, असं.

अंगदनं तिला दवाखान्यात नेलं. रक्तदाब बरा होता, साखर बरी होती, छातीची ईसीजीची पट्टी काढली तीही बरी निघाली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, टेन्शन घेऊ नका." आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

"टेन्सन म्या घेत न्हाई," लंकाबाई घरी येताना मुलाला म्हणाली. "त्येच मला घेतं." गोळ्या तिनं पेटीत टाकल्या. फडावर जे झोपेची गोळी घ्यायचे ते सकाळी उठायचे नाहीत, एवढंच तिला गोळ्यांविषयी ठाऊक होतं.

मग राजेश्वरीनं मनावर घेतलं. सून सासूला आत्या म्हणायची. बारावी झालेली, चुणचुणीत पोरगी. राहात्यातच साड्यांच्या एका दुकानात ती कामाला होती. सकाळी उभ्यानं पोळी तोंडात कोंबत, एका हातानं केस विंचरत, ती सासूला मोबाईल दाखवायची. मोबाईलवर एक बाई हसऱ्या तोंडानं सांगत असायची, उठल्याबरोबर कोमट पाणी प्या, श्वासावर लक्ष ठेवा, सावकाश चावून खा.

"आत्या, हे रोज करायचं. मन शांत होतं."

"तू करती का?"

"मला कुठं वेळ आहे?" राजेश्वरी चपला शोधत म्हणायची आणि जिना उतरून पळायची.

जवळच्या मैदानावर सकाळी बायकांचा योगाचा वर्ग भरायचा. राजेश्वरीनं सासूला तिथंही पाठवलं. पंजाबी ड्रेस घातलेल्या बायकांत लंकाबाई लुगड्याचा काचा मारून उभी राहिली. हात वर केले, खाली केले. कंबर वाकवून जमिनीला हात लावायचा होता. बाकीच्या कुथत होत्या, तिचे तळहात सरळ मातीला टेकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी डोळे मिटून बसायचं होतं. डोळे मिटल्याबरोबर तिला ट्रॉली भरायची राहिलीय असं वाटलं आणि ती उठून चालायला लागली. शिकवणाऱ्या बाईंनी हाक मारली, तरी ती थांबली नाही. पुन्हा ती तिथं गेली नाही.

"आगं, जल्मभर वाकून वाकून कंबर मोडली," ती सुनेला म्हणाली. "आन आता वाकायला मैदानावर जाऊ?"

मार्गशीर्षात रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या. लंकाबाईला त्या दिसायच्या आधी वासानं कळायच्या. तोडलेल्या उसाचा ओला, गोडसर वास घरात शिरला की ती हातातलं टाकून फाटकाशी जायची. एक दिवस ती फाटकाबाहेर पडली आणि ट्रॉली आली त्या दिशेला चालायला लागली. पेरूच्या बागा मागं टाकल्या, कॅनॉल लागला, कॅनॉलच्या कडेनं गेल्यावर माळावर कोप्या दिसल्या. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडची पाती, आणि बांबू लावून केलेल्या, कमरेत वाकून आत शिरायच्या झोपड्या. बाहेर बैल बांधलेले, चुली विझलेल्या. माणसं फडात होती.

फड पलीकडंच होता. तिथं पोचल्यावर तिला पहिली दिसली ती राहीबाई, तिची चुलत जाऊ.

"आगं लंके!" राहीबाई ओरडली. "तू हितं? लेकानं हाकलली का काय?"

"न्हाई गं. आलेय अशीच."

"मंग बस त्या बांधाला. सावली हाय."

लंकाबाई बांधावर बसली. बसली म्हणजे टेकली. समोर पाचट सळसळत होतं, कोयते चालत होते, आणि राहीबाईची मोळी चुकीच्या पेडानं बांधली जात होती. लंकाबाई उठली. "आन हिकडं," म्हणाली. त्या दिवशी सावली कलंडेपर्यंत ती मोळ्या बांधत राहिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा हातांना पाचटाचे चरे पडले होते आणि मान भरून आली होती. ती जेवायला बसली आणि दोन भाकरी खाल्ल्या. अंथरुणाला पाठ टेकली ती सकाळीच उठली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. टोळीचा मुकादम कानिफनाथ तिच्या गावचाच, बन्सीच्या जोडीचा. त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारली. "वैनी, अंगदला ठावं हाय का?"

"तुला काय करायचंय? बाई कमी हाय ना तुजी एक?"

कमी होतीच. एक लेकुरवाळी आजारी पडून गावी गेली होती. कानिफनाथनं टोपी नीट केली आणि तो ट्रॉलीकडं वळला.

घरी लंकाबाईनं सांगितलं, कॅनॉलकडच्या देवळात भजनाला जाते, तिथं पाथर्डीकडच्या बायका भेटल्यात. अंगद सकाळी लवकर निघायचा आणि राजेश्वरी त्याच्यामागं. दोघं परत यायच्या आत ती अंघोळ करून, लांब बाह्यांचं पोलकं घालून बसलेली असायची. आता ती दोनदा झाडत नव्हती. जेवत होती, झोपत होती. मधूनच गुणगुणत होती.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" राजेश्वरी नवऱ्याला म्हणाली. "मन रमलं की सगळं बरं होतं. भजन म्हणजे एक प्रकारचा प्राणायामच."

लंकाबाईनं मान खाली घातली आणि ताटातली चटणी बोटानं सारखी केली. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण फड सुटेना. फडात तिच्या डोक्यात काही नसायचं. एक मोळी, मग दुसरी मोळी. बन्सी नाही हेसुद्धा तिथं तेवढं टोचत नव्हतं, कारण तो बाजूच्या सरीत असेल असं वाटत राहायचं.

अंग मात्र पूर्वीचं राहिलं नव्हतं. आधी कमरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं. मग लघवीला आग व्हायला लागली. मग संध्याकाळी हुडहुडी भरायची. लंकाबाईनं ते अंगावर काढलं. ओटीपोटात दुखणं, आग होणं हे फडावरच्या बायकांना नवीन नसतं. त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. तिला ठाऊक असलेला उपाय एकच. पाणी आणखी कमी प्यायचं, म्हणजे जावं लागत नाही आणि आग होत नाही.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी डोक्यावर मोळी घेऊन ती ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढत होती. अर्ध्यावर गेली आणि समोरचं आभाळ पांढरं झालं. मोळी एका अंगाला गेली आणि ती दुसऱ्या अंगाला, खाली पाचटावर. पाचटाचा ढीग होता म्हणून हाड मोडलं नाही. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. राहीबाईनं तोंडावर पाणी मारलं, तेव्हा लंकाबाई "अंगदच्या बापाला सांगा, मी निगाले, निगाले" असं बडबडत होती.

कानिफनाथनं अंगदला फोन केला.

अंगद शिर्डीहून तसाच निघाला, कमरेला पक्कड लटकत होती. फडाच्या बांधावर आई चादरीवर पडलेली, लुगड्याचा काचा मारलेला, हात चऱ्यांनी भरलेले. त्याला सगळं एका क्षणात कळलं. आधी तो कानिफनाथवर धावून गेला. मग मध्येच थांबला आणि आईच्या पायाशी खाली बसला.

"कामून गं आई?" तो म्हणाला. "मी तुला हितून काढली आन तू..."

तिला ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर मॅडमनी तपासण्या पाहून सांगितलं की लघवीतला जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत चढलाय. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. ताप उतरायला चार-सहा दिवस गेले. ताप उतरला तशी लंकाबाई कॉटवर चुळबूळ करायला लागली. सलाईनच्या नळीनं तिला बैलासारखं खुंट्याला बांधल्यागत झालं होतं. ती चादर सारखी करायची, उशी पालथी घालायची, शेजारच्या कॉटवरच्या बाईचीही चादर सारखी करायची.

सकाळच्या फेरीला डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मावशी, दिवसभरात पाणी किती पिता?"

"लागंल तेवडं."

"किती लागतं?"

लंकाबाईनं अंगदकडं पाहिलं, मग खिडकीकडं. "मला तहानच लागत न्हाई."

"का लागत नाही?"

ती बोलली नाही. मॅडमनी अंगदला औषधं आणायला खाली पाठवलं, तेव्हा ती शेजारच्या कॉटची चादर सारखी करायला लागली. मॅडम घाईत होत्या, पुढच्या कॉटकडं गेल्या.

दुपारी राजेश्वरी दुकानातून सुट्टी काढून आली. पातळ खिचडीचा डबा तिनं उघडला आणि चमच्यानं भरवायला लागली. लंकाबाईनं चमचा तिच्या हातातून काढून घेतला. दोन घास खाल्ले. मग चमचा डब्यात ठेवून ती हळू आवाजात म्हणाली,

"फडावर आडोसा नसतो."

राजेश्वरीला आधी कळलं नाही.

"समदीकडं गडीमानसं. ऊस उभा हाय तवर ठीक, तोडल्यावर समदा माळ उगडा. कोप्यांपाशी तर काईच न्हाई. म्हून अंदारात जायाचं. पहाटं एकदा, आन मंग रातीला. मधी आलं तर दाबून धरायाचं. पानी पेलं तर येनारच. म्हून पानीच प्यायाचं न्हाई. पयल्या वर्साला लई तरास झाला, जीब सुकून टाळूला लागायची. मंग सवय झाली. तहान मेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या घरात संडास हाय, सयपाकघराला लागून. तरीबी मी पहाटंच जाते. दिवसा जायाचं म्हटलं की लाज वाटती. कोन बगतंय? कुनीच न्हाई. तरीबी."

राजेश्वरी डब्याच्या झाकणाकडं बघत राहिली. सासू हे सगळं बोलतेय आणि आपण धीराचं काही बोलायला हवं, असं तिला वाटत होतं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आत्या, मी पण नाही पीत."

"काय?"

"दुकानात. सकाळी जाते ती घरी येईपर्यंत. आमच्या दुकानाला संडास नाही. वरच्या मजल्यावर मालकाच्या घरात आहे, आणि किल्ली मालकीणबाईंकडं. मागायला गेलं की त्या तोंड वाकडं करतात. मालक म्हणतात, पोरी सारख्या वर जाऊन टाइमपास करतात. म्हणून आम्ही कुणी पाणीच पीत नाही. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, डोकं दुखतं, मग घरी येऊन मी तुमच्यावर चिडते." तिनं नाक पुसलं. "यांना नाही सांगितलं कधी. काय सांगायचं?"

लंकाबाईनं डबा हातात घेतला, त्यातली उरलेली खिचडी चमच्यानं दोन भागांत केली आणि एक भाग सुनेपुढं सरकवला. "खा. बसून खा. हुब्यानं गिळत असती कायम."

राजेश्वरी कॉटच्या कडेला बसून जेवली. त्या दोघींत पहिला सौदा तिथंच ठरला: सासूनं पाणी प्यायचं, सुनेनं बसून जेवायचं. जिनं मोडलं तिला दुसरीनं बोल लावायचा.

घरी आल्यावर सगळं सोपं झालं, असं मात्र झालं नाही. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती. दिवस पुन्हा लांबच लांब झाले. लंकाबाईला पाणी औषधासारखं गिळावं लागायचं. तांब्या भरून उशाशी ठेवला की तिला तो शत्रू वाटायचा. प्यायली की लगेच मनात धास्ती सुरू व्हायची, आता येईल, आता कुठं जाऊ? संडास हाताच्या अंतरावर असूनही ती दोन्ही खोल्यांतून येरझारा घालायची. कधी रागानं तांब्या मोरीत ओतून टाकायची आणि प्यायले म्हणून सांगायची. राजेश्वरी तिच्या ओठांकडं बघून म्हणायची, "खोटं." मग दोघींची जुंपायची. राजेश्वरीही चुकायची. सकाळी घाईत पोळीची गुंडाळी करून निघाली की लंकाबाई दारात आडवी उभी राहायची. "बस. दुकान पळून न्हाई चाललं." एकदा दोघी तीन-चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, तरी पाणी आणि जेवण मात्र चालू राहिलं.

पहाटेच्या धडधडीवर डॉक्टर मॅडमनी दुसऱ्या तपासणीला एक साधी गोष्ट सांगितली. श्वास घ्यायचा तो सावकाश घ्यायचा आणि सोडताना घेतला त्याहून हळू सोडायचा, चुलीतला निखारा विझू नये अशी फुंकर घालतात तसा. फुंकर म्हटल्यावर लंकाबाईला कळलं. ती पहाटे पडल्या पडल्या तशी फुंकर घालायची. काही दिवस त्यानं काळीज थाऱ्यावर यायचं, काही दिवस काहीच व्हायचं नाही. मग ती उठून कॅनॉलच्या कडेनं चालून यायची. संध्याकाळी राजेश्वरी दुकानातून आली की दोघी पुन्हा चालायला निघायच्या, राजेश्वरी मोबाईल घरी ठेवून. चालताना दोघी फारसं बोलत नसत. लंकाबाईचा वेग सुनेला झेपायचा नाही.

"आत्या, हळू. कुणी मागं लागलंय का?"

"लागल्यागत वाटतं खरं," लंकाबाई म्हणायची आणि थोडा वेळ हळू चालायची.

एक दिवस ती एकटीच कॅनॉलवरून कोप्यांकडं वळली. बरोबर राजेश्वरीच्या दुकानातल्या डागाळून बाद झालेल्या साड्यांचं बोचकं होतं. कोप्यांपाशी सुट्टीचा दिवस होता, कारखान्याचं गाळप कशानं तरी थांबलेलं. कानिफनाथ बाजेवर पडला होता. तो गडबडून उठला.

"वैनी, आता कोयत्याला हात लावायचा न्हाई. अंगदनं माजं थोबाड फोडायचं तेवडं बाकी ठेवलंय."

"कोयत्याला न्हाई आले. चार बांबू दे. आन दोन पोरं दे खड्डा खांदायला."

"कशापायी?"

"बायकांना आडोसा करायचाय."

कानिफनाथ हसला. बाजेशेजारी बसलेले दोघेही हसले. "इतकी वर्सं काय अडलं हुतं, वैनी?"

"आमचं अडलं हुतं," लंकाबाई म्हणाली. "तुमचं न्हवतं."

तिचा आवाज चढला नव्हता. असल्या विषयावर पुरुषांपुढं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. कोप्यांतून बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. राहीबाई पुढं झाली आणि बोचक्याची गाठ सोडायला लागली. कानिफनाथनं मान खाजवली, इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी एका पोराला टिकाव आणायला सांगितलं. दुपारपर्यंत कोप्यांच्या मागं साड्यांचा चौकोनी आडोसा उभा राहिला, निळा, गुलाबी, जरीची फाटकी किनार मिरवणारा. वारा आला की तो फुगायचा. बायका एकमेकींना ढकलत हसत होत्या, कोणीच पहिली आत जाईना.

घरी मात्र अंगद रुसलेलाच होता. आईनं आता काय करायचं, यावर त्याच्याकडं एकच उत्तर होतं, आराम. शेवटी एक दिवस जेवताना लंकाबाईनं विषय काढला. गल्लीतल्या एका बाईकडून तिला कळलं होतं की रस्त्यापलीकडच्या बागेत पेरू निवडायला आणि खोक्यांत भरायला बायका लागतात. बसून काम, अर्धा दिवस.

"नाही," अंगद म्हणाला. "लोक म्हणतील, आईला अजून राबवतोय."

"लोकांचं र्‍हाऊ दे. तू आरामात ठेवली तर मी मरन, आन फडात गेले तरी मरन. मदलं काय तरी बगू दे की मला."

अंगदनं ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाला, "मी बघून येतो आधी."

"तू कशाला? मीच जाते."

ती गेली. बागवाला खुर्चीवर बसून खोकी मोजत होता. त्यानं काम सांगितलं, वेळ सांगितली. लंकाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायकांना संडास हाय का?"

बागवाला गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "पंपघराच्या मागं आहे एक."

"दाखवा."

तो उठला. तिनं दार उघडून आत पाहिलं. कडी नव्हती. "कडी बसवा," ती म्हणाली. "मी परवापासनं येते." कडी बसवायला अंगदच आला, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. त्यानं कडी लावली, ओढून बघितली आणि पिशवी उचलून तडक निघून गेला. संध्याकाळी मात्र त्यानं स्वतः माठातलं पाणी भरून तिच्यापुढं ठेवलं.

राजेश्वरीचं एवढं सरळ झालं नाही. दुकानातल्या सगळ्या पोरींना घेऊन ती मालकासमोर उभी राहिली. मालक आधी ओरडला. मग लग्नसराईच्या तोंडावर सगळ्या एकदम सोडून जातील या भीतीनं त्यानं एक किल्ली गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर लटकवली. बसायला स्टूल मागितलं होतं, ते त्यानं दिलं नाही. राजेश्वरीच्या टाचा अजूनही दुखतात. रात्री ती गरम पाण्यात पाय सोडून बसते, तेव्हा लंकाबाई तिच्या पोटऱ्या दाबून देते. सून "नको आत्या, नको" म्हणते आणि डोळे मिटून घेते.

लंकाबाईची अस्वस्थता गेली असं म्हणता येणार नाही. पेरू निवडताना तिचे हात चालतात आणि डोकं बऱ्यापैकी गप्प असतं. पण बाग बंद असली, किंवा घरात पाहुणे येऊन सगळे नुसते गप्पा मारत बसले, की ती अजून उठते, दारापर्यंत जाते, परत येते. फरक एवढाच की आता ती ते लपवत नाही. "मला जरा फिरून येऊ द्या," म्हणते आणि चपला घालते. कुणी अडवत नाही. दुपारी कामावर तिला घसा सुकल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा तसं वाटलं तेव्हा ती चमकली होती. काय होतंय हे तिला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ती भरल्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली, शेजारची बाई बघतच राहिली.

भाद्रपदात राहीबाईचा गावाहून फोन आला. टोळी जुळत होती.

"लंके, येती का औंदा? काम न्हाई करायचं. नुसती कोपीवर सयपाकाला. कानिफनाथ म्हनतोय, आडोसा पन करू आदीच."

लंकाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनमधून राहीबाईच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "तूच पानी पीत जा. दिवसा. ऐकलं का?"

"व्हय व्हय," राहीबाई म्हणाली आणि दुसरंच काहीतरी सांगायला लागली.

फोन ठेवला आणि लंकाबाईला घरात थांबवेना. ती कॅनॉलवर गेली, माळावर कोप्या होत्या तिथपर्यंत गेली. तिथं आता नुसतं गवत वाढलं होतं. ती परतली, पुन्हा गेली. ऊन उतरल्यावर घरी आली तेव्हा राजेश्वरी दारात उभी होती. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. तिनं दोन ताटं वाढली आणि दोघी भिंतीला टेकून खाली बसल्या. लंकाबाईनं पहिला घास उशिरा घेतला, आधी ती तांब्यातलं सगळं पाणी प्यायली.